'की'ला पोर्तुगीजमध्ये काय म्हणायचं?

प्रश्न असा: एका ॲपचा इंग्रजी मजकूर ब्राझीलसाठी पोर्तुगीजमध्ये करायचा आहे. त्यात 'की' हा शब्द जागोजागी येतो. शब्दकोशात पहिला सापडलेला 'शावी' सगळीकडे घातला तर चालेल का?

नाही चालणार. 'कुठलीही की दाबा' इथे 'शावी' लिहिलंत तर वाचणारा खिसे चाचपेल. बोटाने दाबायची ती 'तेक्ला', मग ती कॉम्प्युटरची असो की पियानोची. म्हणूनच कीबोर्ड म्हणजे 'तेक्लादो'. गाण्याची की मात्र 'तों'. इथे मला आपली पेटी आठवते. बोटाखालची ती पट्टी आणि गायक ज्या सुरात गातो तीही पट्टीच. 'काळी दोन' म्हटलं की वादकाला पुढे काही सांगावं लागत नाही. पोर्तुगीजला ही सोय नाही.

नकाशातली खुणांची की म्हणजे 'लेजेंदा', परीक्षेची उत्तरसूची ब्राझीलमध्ये 'गाबारितो'.

'शावी' बिनधास्त वापरा ती कुलपाला, एन्क्रिप्शनला (म्हणजे माहिती सांकेतिक करून लपवायला), डेटाबेसच्या प्रायमरी कीला (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख). कीवर्डही 'पालाव्रा-शावी'. ॲपमध्ये पैसे पाठवायची सोय असेल तर 'शावी पिक्स' लागेलच. पिक्स ही ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने 2020 मध्ये सुरू केलेली, आपल्या यूपीआयसारखी व्यवस्था. ज्या मोबाइल नंबरावर किंवा ईमेलवर पैसे येतात, ती त्या खात्याची 'शावी'.

आता गंमत. हा शब्द तुमच्या घरात आधीपासून आहे: आपली 'चावी' पोर्तुगीजांकडूनच आली. त्या काळी त्यांच्या या शब्दातला पहिला उच्चार 'च'च होता. पुढे तिकडे त्याचा 'श' झाला, आपण 'च' सोडला नाही. पण घेताना आपण ती मुख्यतः कुलपासाठी घेतली. तिकडे 'शावी'त गॅरेजमधला पानाही येतो. स्क्रू ड्रायव्हर 'शावी जी फेंदा' आणि कमी-जास्त करता येणारा पाना चक्क 'शावी इंग्लेझा', म्हणजे इंग्रजी चावी. उलट घड्याळाला आपण चावी देतो, ते मात्र 'कोर्दा', म्हणजे दोरी देतात.

तेव्हा ॲपमधल्या प्रत्येक 'की'शेजारी आधी मराठी शब्द लिहून बघा. जिथे 'चावी' बसत नाही, तिथे 'शावी'ही बहुधा बसणार नाही. एन्क्रिप्शन, प्रायमरी की, कीवर्ड आणि पिक्स तेवढे वगळून.