मुलगा पहिलीत गेलाय पण वही कोरीच असते, विचारलं की म्हणतो 'खेळलो'. शाळेत आठवडाभर नक्की शिकवतात तरी काय?

तुम्ही लिहिलंय की महिना झाला तरी वहीत दोन पानांच्या पुढे काही नाही आणि शेजारची त्याच्याच वयाची मुलगी शंभरपर्यंत घडाघडा म्हणून दाखवते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी घेते, दोन्ही वर्ग एकाच खोलीत, तर आमचा आठवडा कसा जातो ते सांगते, तुमच्या मुलाच्या शाळेतही थोडंफार असंच असणार.

आधी वहीचं. ती कोरी असते ते बऱ्यापैकी ठरवूनच. 2021 ला निपुण भारत ही केंद्र सरकारची मोहीम आली, त्यात तिसरी संपेपर्यंत पोराला समजून वाचता यावं, साधी बेरीज-वजाबाकी यावी असं धरलंय, आणि पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने तर विद्याप्रवेश म्हणून खेळातूनच घ्यायचे असतात. बोटांत जोर नसताना पेन्सिल दिली की पोर मूठ आवळून लिहितं, पान फाटतं आणि ती वाकडी पकड पुढे चौथीपर्यंत सुटत नाही. म्हणून चिंचोके मांडा, माती मळा, कागद फाडून चिकटवा असलं चालतं, आणि ते वहीत कुठून दिसणार.

सोमवारी अभ्यासाचं नाव फारसं निघत नाही. कोणी मामाच्या गावाहून थेट शाळेत आलेलं असतं, कोणाचं रडं थांबत नसतं. परिपाठ झाला की गोल करून बसायचं आणि काल काय केलं ते सांगायचं, नियम एकच, चेंडू ज्याच्या हातात तोच बोलणार. जूनमध्ये सगळे एकदम बोलतात, एकजण तर चेंडू घेऊनच पळाला होता. मग हळूहळू थांबायला लागतात. परवा एक पोरगी, जी तोपर्यंत वर्गात नुसती मान हलवायची, ती म्हणाली आमच्या म्हशीला रेडकू झालं. लगेच दुसरा म्हणाला, उभं राहतंय का गं? हा प्रश्न मला शंभरपर्यंतच्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो, कारण त्याने तिचं ऐकलं होतं. मग काय, फळ्यावर म्हैस आली, रेडकू आलं, त्याला दूध किती लागतं यावर सगळ्यांची भाषणं झाली, मराठीचा तास झाला.

मंगळवार-बुधवार अक्षरं आणि आकडे. अक्षरं आता क ख ग घ अशी ओळीने घेत नाही, म, क, र, ल अशी चारेक घेतली आणि काना आला की लगेच मका, काका, मामा, राम, काल, माल असे शब्द पोरं स्वतः जुळवतात, वाचता येतंय म्हटल्यावर त्यांचाच हुरूप वाढतो. गणिताला काड्या, दहा झाल्या की रबर लावून जुडी करायची, एक जुडी आणि चार सुट्या म्हणजे चौदा. शेजारच्या मुलीला एकदा चौदा शेंगा मोजून द्यायला सांगा, आणि तुमच्यालाही, कदाचित दोघंही एकाच जागी अडकतील. आकडे पाठ म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

आता भांडणं, ती रोजचीच. "बाई, ह्याने माझा खोडरबर घेतला." मी 'सॉरी म्हण' असं म्हणत नाही, कारण तोंडाने सॉरी निघतं आणि खालून लाथ बसते. दोघांना समोरासमोर बसवते, एकाने सांगायचं, दुसऱ्याने आधी तो काय म्हणाला ते परत सांगायचं आणि मगच आपलं म्हणणं मांडायचं. सहा वर्षांच्या पोराला हे फार जड जातं, मध्येच "पण मी नाही..." सुरू होतं, मग पुन्हा पहिल्यापासून. वेळ खूप जातो, वरून साहेब आले की विचारतात पाठ कुठपर्यंत झाला. पण दिवाळीनंतर निम्मी भांडणं माझ्यापर्यंत येतच नाहीत.

खिचडीची रांग हा तर रोजचा मोठा तास. हात धुवायला नंबर लावायचा, वदनी कवळ म्हणून होईपर्यंत घास उचलायचा नाही, आणि जेवढं हवं तेवढंच तोंडाने मागायचं, "ताई, थोडंच वाढा" हे मोठ्या माणसाला सांगायला पहिलीच्या पोराला केवढा धीर लागतो बघा. बसताना पहिली रिकामी जागा दिसेल तिथे बसायचं, शेजारी कोण हे निवडायचं नाही. का, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

गुरुवार-शुक्रवार तेच पुढे, राहिलेल्यांची उजळणी. शनिवारी सकाळची शाळा, 2024 पासून आनंददायी शनिवार आहे, आमच्याकडे त्या दिवशी दप्तर नसतं. आम्ही आईचं पत्र हरवलं खेळतो, त्यात ज्याच्यामागे अजून रुमाल पडला नाही त्याच्याच मागे टाकायचा असा आमचा जास्तीचा नियम, नाहीतर दोस्त-दोस्तांतच रुमाल फिरतो आणि एखादं पोर महिनाभर नुसतं टाळ्या वाजवत बसतं.

घरी 'आज काय शिकवलं' विचारू नका, उत्तर 'खेळलो'च येणार. कोणाशेजारी जेवलास, आज कोण रडलं, चेंडू मिळाल्यावर काय सांगितलंस, असं विचारा, थांबवता थांबणार नाही. मात्र दिवाळीपर्यंत रोजची अक्षरंही ओळखीची वाटत नसतील, फळा बघताना डोळे बारीक करत असेल किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल तर डोळे-कान तपासून घ्या, पुष्कळदा पोर 'मठ्ठ' नसतं, त्याला ऐकूच येत नसतं.

आणि वही बघण्याऐवजी बाईंकडे नोंदी मागा, प्रत्येक मुलाबद्दल आम्हाला लिहून ठेवाव्या लागतात. शाळा सुटताना जा, परिपाठाच्या वेळी गेलात तर बाई चिडतील.