वसतिगृहात जाण्यापूर्वी एडीएचडीची तपासणी करावी का?

प्रश्न : आमची मुलगी यंदा बारावी झाली. पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळावा यासाठी खटपट चालू आहे. ती हुशार आहे. परंतु अभ्यासाला बसली की थोड्याच वेळात उठते, येत असलेले उपप्रश्नही पेपरमध्ये सोडून येते आणि वस्तू सतत हरवते. क्लासच्या सरांनी एडीएचडीची (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा या विकाराची) तपासणी सुचवली आहे. तिचे आजोबा म्हणतात, "आता एवढी मोठी झाली, काय तपासायचंय?" मला भीती वाटते ती कागदोपत्री नोंद होण्याची. काय करावे?
– एक आई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : तपासणी अवश्य करावी, आणि ती मुलगी सोलापुरात आहे तोवरच करावी. एडीएचडी रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. निदान होते ते सविस्तर मुलाखत, प्रश्नावल्या आणि लहानपणापासूनची हकिगत यांच्या आधारे. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी नियमावलीच्या निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावी लागतात, ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी जाणवावी लागतात, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांच्या बाबतीत एका गटातील (लक्ष न लागणे किंवा अतिचंचलता-उतावीळपणा) नऊपैकी पाच लक्षणे पुरतात. हा सगळा पुरावा आपल्याच घरी आहे. प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तके काढून 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही', 'वही अपूर्ण' असे शेरे शोधा आणि ती पुस्तके डॉक्टरांकडे घेऊन जा. वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुली शिक्षकांच्या नजरेतून सुटतात, त्यामुळे निदान उशिरा होणे मुळीच नवलाचे नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आज तिला उठवणारे, डबा भरणारे, फॉर्मची शेवटची तारीख लक्षात ठेवणारे आपण आहात. वसतिगृहात हा आधार एकाएकी निघतो आणि मग पहिल्या सत्रात विषय राहिले की त्याला आळशीपणा म्हटले जाते.

सिव्हिल हॉस्पिटलच्या, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. मानसशास्त्रीय चाचण्या करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना, हे विचारण्यात संकोच नको. अपुरी झोप, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, चिंता किंवा नैराश्य यांमुळेही लक्ष लागेनासे होते. सीईटीच्या धावपळीत जागरणे झाली असतील तर तेही सांगावे. इंटरनेटवरील प्रश्नावली भरून घरीच निष्कर्ष काढू नये.

नोंदीची भीती बाळगू नये. अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतात, आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र, उलट अपेक्षाही ठेवू नये : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे परीक्षेत जादा वेळ आपोआप मिळत नाही. दोन्ही एकत्र असणे बऱ्याचदा आढळते, म्हणून तिला वाचन, लेखन किंवा आकडेमोडीतही अडचण असेल तर त्याचीही तपासणी त्याच वेळी मागून घ्यावी.

अठरा वर्षे पूर्ण झाली असतील तर निर्णय तिचा आहे. आजोबांना समजावण्याआधी तिच्याशी बोला आणि डॉक्टरांना तिला एकटीला भेटू द्या. निदान झालेच तर औषधाची मात्रा बसवायला काही आठवडे लागतात; भूक व झोप कमी होते का, यावर त्या काळात घरी लक्ष ठेवता येते. एडीएचडीवर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे औषध नियंत्रित असल्याने चिठ्ठीशिवाय मिळत नाही. म्हणून जाण्यापूर्वीच पुण्यातील डॉक्टर ठरवून ठेवावेत आणि अहवालाची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या फाइलमध्ये द्यावी.