नोकरी सोडून पूर्णवेळ कथा-कादंबरी लिहावी का? तयार असलेल्या आठ कथांचं काय करावं?

आधी हिशेब मांडू. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती १००० प्रतींची, रॉयल्टी म्हणजे विकल्या गेलेल्या प्रतीमागे लेखकाचा वाटा १० टक्के. एकूणएक प्रत खपली तरी तुमच्या हातात ३०,००० रुपये. त्यात नव्या लेखकाची आवृत्ती पुष्कळदा ५०० प्रतींचीच निघते आणि ती संपायलाही काही वर्षं जातात. म्हणून नोकरी सोडू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. जी. ए. कुलकर्णींनी धारवाडला इंग्रजी शिकवता शिकवताच आपल्या कथा लिहिल्या.

कथांची वाट मात्र आपल्याकडे चांगली मळलेली आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि नव्या कथालेखकाची पहिली ओळख आजही बहुधा तिथेच होते. आठही कथा एकाच संपादकाकडे पाठवू नका. एका अंकाला एकच कथा, तीही मे-जूनमध्ये. श्रावण लागेपर्यंत बहुतेक अंकांची पानं ठरून गेलेली असतात. तीच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात. गणपतीपर्यंत काही कळलं नाही तर एकदा विचारा आणि मग कथा परत घेतल्याचं लेखी कळवा.

फाइल युनिकोडमध्ये द्या, सोबत पीडीएफही जोडा. काही अंकांची जुळणी अजून जुन्या फाँटात होते आणि रूपांतरात जोडाक्षरं मोडतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य हमखास बिघडतो. पीडीएफ असेल तर मुद्रितशोधकाला मूळ रूप पाहता येतं.

दहा-बारा कथा छापून आल्या की संग्रहाचा विचार करा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची जाहिरात पाहत राहा.

आता करार. नवे लेखक पुस्तक निघतंय या आनंदात न वाचता सही करतात आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. रॉयल्टी छापील किमतीवर की दुकानदाराचं कमिशन वजा जाऊन उरलेल्या रकमेवर, ते आकड्यात लिहून घ्या. ३०० रुपयांच्या पुस्तकावर ४० टक्के कमिशन गेलं तर १० टक्के म्हणजे ३० नव्हे, १८ रुपये होतात. आवृत्ती किती प्रतींची आणि विक्रीचा हिशेब वर्षातून कधी मिळणार, तेही त्यात हवं.

‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ हे वाक्य दिसलं तर थांबा. छापील पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट-मालिका हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. प्रकाशक जे खरोखर वापरणार आहे तेवढेच द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क लेखीच द्यावे लागतात, मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो तुमच्याकडे परत येतो. पण करारात वेगळं लिहिलं असेल तर या शेवटच्या तरतुदीचा उपयोग होत नाही. ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असे शब्द असतील, तर ती मुदत म्हणजे तुमचं आयुष्य आणि त्यापुढची ६० वर्षं. ते शब्द सहीआधी खोडून घ्या आणि तिथे ५ वर्षं लिहा.