धर्मप्रचारकांच्या धर्मांतराच्या कथा काळानुसार का बदलतात?
खोटं बोलतात म्हणून, असं सरसकट म्हणता येत नाही. तीच हकीकत शंभरदा सांगितली की श्रोते जिथे डोळे पुसतात तो भाग ठसठशीत होतो, बाकीचा गळतो. पूर्वायुष्य अधिकाधिक काळं होत जातं (कधीमधी पिणारा हळूहळू अट्टल बेवडा होतो!) आणि कित्येक वर्षांची घालमेल एका रात्रीत मावते.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये पौलाची (आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा, पुढे प्रचारक) दिमिष्कच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर येशूची वाणी ऐकून बदलल्याची गोष्ट ३ वेळा येते. ९व्या अध्यायात सोबत्यांना वाणी ऐकू येते, दिसत कोणी नाही. २२व्यात प्रकाश दिसतो, वाणी ऐकू येत नाही. २६व्यात, राजा अग्रिप्पासमोर सांगताना, आधीच्या दोन्हींत पौलाला येऊन भेटणारा शिष्य हनन्या गायबच! ख्रिस्ती संत ऑगस्टीनचं परिवर्तन ३८६ सालचं; बागेत बायबलमधला उतारा वाचून मन पालटल्याचा प्रसिद्ध प्रसंग त्याने लिहिला दहाएक वर्षांनी. परिवर्तनानंतर लगेच लिहिलेल्या त्याच्या संवादरूपी ग्रंथांत हा प्रसंग नाही.