प्रगत कांजीसाठी कोणते पुस्तक घ्यावे?

प्रश्न : मी एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करतो. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-२ पातळी गेल्या वर्षी उत्तीर्ण झालो. जवळपास पुढचा वर्ग नसल्यामुळे त्यावरच्या एन-१ पातळीची तयारी घरीच सुरू आहे. माझ्याकडे कांजीची (जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांची) तीन पुस्तके आणि मोबाइलवर कार्डांचे एक ॲप आहे. सुटी अक्षरे ओळखता येतात, पण जपानहून आलेला अहवाल वाचताना पावलोपावली अडखळतो. आणखी कोणते पुस्तक घ्यावे? अक्षरे हाताने लिहिण्याचा सराव आवश्यक आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली अडचण पुस्तकांच्या संख्येची नाही. सुटी अक्षरे ओळखता येतात आणि अहवाल वाचता येत नाही, याचा अर्थ आपला अभ्यास अक्षरांचा झाला आहे, शब्दांचा व्हायचा आहे. मराठीत आपण ‘पाणी’ म्हणतो, पण जोडशब्दात ‘जल’ येते. ‘जलाशय’ म्हणतो, ‘पाणीशय’ म्हणत नाही. जपानीत पाण्याचे अक्षर एकटे असताना ‘मिझु’ असते, तर ‘सुइदो’ (नळपाणी) किंवा ‘सुइएइ’ (पोहणे) या शब्दांत ते ‘सुइ’ होते. जगण्याचे अक्षर ‘जिन्सेइ’मध्ये (जीवन) ‘सेइ’ आणि ‘इश्शो’मध्ये (आयुष्यभर) ‘शो’ असे वाचले जाते. असे उच्चार अक्षरासमोर यादी लिहून पाठ होत नाहीत. ते शब्दाबरोबरच मनात बसतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक इंग्रजी संकेतशब्द चिकटवणारे पुस्तक आपल्याकडे असेल, तर त्याचे काम संपले असे समजावे.

पुस्तक निवडताना एकच कसोटी लावावी : प्रत्येक अक्षराखाली प्रत्यक्ष वापरातले शब्द भरपूर दिले आहेत का? या कसोटीला ‘कांजी इन कॉन्टेक्स्ट’ उतरते. त्याच्या सुधारित आवृत्तीत जपान सरकारच्या २०१०च्या यादीतली सर्व २१३६ जोयो (नित्य वापरातल्या) कांजी आहेत आणि सरावपुस्तके स्वतंत्र मिळतात. ‘एन-१ची अधिकृत यादी’ असा दावा करणाऱ्या पुस्तकापासून मात्र सावध राहावे, कारण २०१०मध्ये परीक्षेचे स्वरूप बदलल्यापासून आयोजक अशी यादी प्रसिद्धच करत नाहीत.

स्वतः शिकणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे अक्षरातला उच्चारदर्शक भाग. आपल्या अहवालात ‘केन्सा’ (तपासणी) हा शब्द रोज येत असेल. त्यातल्या ‘केन’ या अक्षराच्या डावीकडे झाडाचे चिन्ह आहे. उजवा भाग तसाच ठेवून डावीकडे घोडा आणला की ‘शिकेन’मधला (परीक्षा) ‘केन’ होतो, टेकाडाचे चिन्ह आणले की ‘किकेन’मधला (धोका) ‘केन’ होतो, आणि तोच भाग असलेले तलवारीचे अक्षरही ‘केन’च आहे. हे एकदा लक्षात आले की चार अक्षरे चार ओझी राहत नाहीत, आणि अनोळखी अक्षराच्या उच्चाराचा अंदाजही बांधता येतो. अर्थात प्रत्येक कुटुंब इतके सरळ नसते : ‘प्रत्येक’ या अर्थाचे अक्षर ‘काकु’ आहे, पण तोच भाग घेणारी अक्षरे ‘क्याकु’, ‘राकु’, ‘र्‍याकु’, ‘रो’ अशीही वाचली जातात. तरीही अक्षरांची अशी कुटुंबे एकत्र दाखवणारे साहित्य मिळाले, तर त्यासाठी पैसे खर्च करावेत असे माझे स्पष्ट मत आहे. न मिळाल्यास वहीत स्वतःच कुटुंबे जुळवावीत. हा मार्ग अधिक चांगला, कारण जुळवतानाच निम्मा अभ्यास होतो.

लिहिण्याविषयी : जेएलपीटीत हाताने लिहावे लागत नाही. २०१०ची यादी करणाऱ्यांनीही सर्व अक्षरे हाताने लिहिता आलीच पाहिजेत असा आग्रह धरला नाही. त्याच वर्षी यादीत आलेल्या ‘उत्सु’ या अक्षराला तर २९ रेघा आहेत. मात्र जी दोन अक्षरे एकमेकांसारखी भासून आपला गोंधळ उडवतात, ती अवश्य लिहून पाहावीत, कारण फरक डोळ्यापेक्षा हाताला लवकर कळतो. लेखनाचीच आवड असेल तर जपानी लोकांसाठी घेतल्या जाणाऱ्या कांजी केन्तेइ या परीक्षेची सरावपुस्तके घ्यावीत. तिची ५वी पातळी प्राथमिक शाळेच्या १०२६ अक्षरांची आणि २री पातळी सर्व जोयो कांजींची आहे. एन-२ झाले असले तरी सुरुवात ५व्या पातळीपासूनच करावी. कच्चे दुवे तिथेच उघडे पडतात.

ॲप ठेवावे, पण दुसऱ्याने तयार केलेला हजारो कार्डांचा संच काढून टाकावा. त्याऐवजी कार्यालयाची परवानगी असल्यास जुने अहवाल घ्यावेत, रोज एक पान वाचावे, आणि अडलेले सात-आठ शब्द त्यांच्या संपूर्ण वाक्यासह कार्डांवर उतरवावेत. एकाच विषयाच्या मजकुरात तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे उजळणी आपोआप होते. वर्तमानपत्रांतील अग्रलेख आणि कादंबऱ्या त्यानंतर घ्याव्यात.