तुटक्या हाडांवरून जीवाश्म सॅलमँडर कसा ओळखतात?

माती धुऊन, बारीक चाळणीतून काढलेले दोन-तीन मिलिमीटरचे मणके आणि जबड्याचे तुकडे सॅलमँडरचेच (म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या, शेपूट असलेल्या उभयचराचेच) हे कसं ठरवायचं, आणि त्यांवरून जात सांगता येते का, असं तुम्ही विचारलंय. सॅलमँडर आहे एवढं बहुतेक वेळा सांगता येतं. जात क्वचितच.

मी मणक्यापासून सुरुवात करते. एकाच प्राण्यात ते भरपूर असतात आणि टिकतातही. धडाचा मणका असेल तर आधी बाजू बघा. बहुतेक सॅलमँडरांच्या बरगडीला दोन टोकं असतात, म्हणून मणक्याच्या दोन्ही अंगांना दुहेरी टोकाचा आडवा फाटा दिसतो. बेडूक आणि सरडा इथेच वेगळे पडतात. अनेक सॅलमँडरांसारखाच माशाचा मणकाही दोन्हीकडून खोलगट असतो, पण तो बहुधा आखूड, चकतीसारखा. सॅलमँडरचा लांबट, मधे बारीक, डमरूसारखा.

मग टोकं. पुढे गोल उंचवटा आणि मागे खळगा दिसला की न्यूट नावाच्या सॅलमँडरांच्या कुळाकडे, सॅलमँड्रिडीकडे, मन जातं; पण प्लेथोडॉन्टिडी या दुसऱ्या कुळातल्या काहींचंही तसंच असतं, तेव्हा घाई नको. त्यापेक्षा चेतातंतूंची भोकं जास्त बोलकी. क्रिप्टोब्रँकिडी आणि हायनोबिडी या कुळांत धडाच्या चेता दोन मणक्यांच्या फटीतून बाहेर पडतात, सॅलमँड्रिडीत मणक्याच्याच भिंतीतल्या भोकातून. सूक्ष्मदर्शकाखाली उजेड तिरपा पाडा आणि आधी हाड नीट साफ करा. भोकात माती बसली असेल तर ते नाहीच असं वाटतं.

सगळ्यात मोलाचा म्हणजे डोकं पेलणारा पहिला मणका. कवटी टेकते त्या दोन वाट्यांच्या मधोमध पुढे आलेला एक उंचवटा असतो, तो बेडकात नसतो. शिवाय हा मणका प्रत्येकात एकच. असे पाच मिळाले तर निदान पाच प्राणी होते हे नक्की.

जबड्याने मला एकदा चांगलंच फसवलं. बहुतेक सॅलमँडरांच्या दाताचा माथा आणि बुंधा यांच्यात एक मऊ पट्टा असतो. मेल्यावर माथा गळतो आणि पोकळ खुंटांची रांग उरते. माझ्या तुकड्यावरचे दात मात्र अखंड होते, माथ्याला तीन टोकं होती, तरी मी चिठ्ठीवर सॅलमँडर लिहून मोकळी झाले. तो अल्बनेर्पेटोंटिड होता, उभयचरांचा एक वेगळाच, नामशेष झालेला गट. म्यानमारच्या सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमधलं (झाडाच्या दगड झालेल्या राळेतलं) एक पिल्लू २०१६ मध्ये रंग बदलणाऱ्या शॅमेलिअन सरड्याचं नातलग म्हणून वर्णिलं गेलं; तेही पुढे याच गटातलं ठरलं.

जातीबद्दल मी एवढी सावध असते त्याचं मोठं कारण वेगळंच आहे. काही सॅलमँडर पिल्लाचीच ठेवण घेऊन प्रौढ होतात, त्यामुळे अर्धवट घडलेलं हाड पिल्लाचं की मोठ्याचं की आदिम वंशाचं, हे एका तुकड्यावरून कळत नाही. म्हणून मी चिठ्ठीवर कुळाचं नाव लिहून थांबते, आणि सुटी सापडलेली हाडं एका प्राण्याची म्हणून एकत्र मांडत नाही. तुमच्याकडे पहिला मणका असेल तर समोरून, बाजूने आणि खालून असे तीन फोटो दाखवा. आधी तोच बघू.