वाचक विचारतात : माळ्यावर सापडलेले शिरस्त्राण

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. ते १९४६ साली इटलीहून परतले. माणगाव तालुक्यातले आमचे जुने घर उतरवताना माळ्यावर, कणगीच्या मागे एक जर्मन शिरस्त्राण सापडले. त्याचा काठ आत वळवलेला आहे, हवेची छिद्रे पत्र्यातूनच उठवलेली आहेत आणि आतले चामड्याचे अस्तर विरलेले आहे. आत डाव्या बाजूला ‘ईटी ६४’ असे ठोकलेले असून मानेकडच्या भागात पांढऱ्या रंगात एक पुसट नाव दिसते. गरुडाचे चिन्ह मात्र कुठेच नाही. मुलगा म्हणतो, गंज घासून रंग देऊ आणि चिन्हही काढून घेऊ, म्हणजे दिवाणखान्यात शोभेल. आजोबांविषयी आता फक्त आत्याला ठाऊक आहे. बाबा ‘सेनू नदी’चे नाव घ्यायचे, एवढेच ती सांगते. काय करावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : घासू नका, रंगवू नका, आणि चिन्ह तर मुळीच काढून घेऊ नका. आपल्या शिरस्त्राणावर गरुड नसणे ही उणीव नव्हे. तेवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. जर्मन भूदलाने १९४० मध्ये शिरस्त्राणावरचे राष्ट्रीय रंगांचे, ढालीच्या आकाराचे चिन्ह बंद केले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गरुडही बंद केला. त्यामुळे इटलीतल्या लढाईच्या शेवटच्या काळात हाती लागलेले शिरस्त्राण कोरे असावे, यात नवल नाही. आज नव्याने गरुड चिकटवला, तर घरातली खरी वस्तू आपल्या हातांनी बनावट केल्यासारखे होईल.

आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की वस्तू ओळखणे सोपे झाले. १९३५ च्या नमुन्यात हवेच्या छिद्रांना वेगळी कडी बसवलेली असे; १९४० च्या नमुन्यात ती पत्र्यातच उठवली गेली; आणि १९४२ मध्ये काम व खर्च वाचवण्यासाठी काठ आत वळवणेही सोडून दिले, म्हणून त्या नमुन्याचा काठ उघडा आणि किंचित बाहेर झुकलेला असतो. यावरून आपले शिरस्त्राण १९४० च्या नमुन्याचे ठरते. ‘ईटी’ ही जर्मनीतल्या थाले या गावातल्या कारखान्याची खूण आहे आणि ६४ हे कवचाचे, म्हणजे बाहेरच्या पोलादी टोपाचे, माप. या मापाच्या कवचात ५६ किंवा ५७ सेंटिमीटर घेराच्या डोक्याचे अस्तर बसवत. अस्तराच्या धातूच्या पट्टीवरही ६४ आणि त्यापुढे ५६ किंवा ५७ असे आकडे असायला हवेत. विजेरीच्या उजेडात, चामडे न ओढता, ते शोधून पाहा. दोन्हीकडचे आकडे जुळले, तर अस्तर मागाहून बदललेले नसण्याची शक्यता बरीच वाढते. कवचाला बाहेरून तीन खिळे दिसतील, दोन पुढच्या अंगाला आणि एक मागे. त्यांचे पाय आत दुमडलेले असतात. ते सरळ करून अस्तर काढण्याचा मोह टाळावा, कारण जुने चामडे तेवढ्यानेही तुटते.

आता सेनू नदीविषयी. ती सेनिओ नदी असावी, असे मला मनापासून वाटते. ही नदी उत्तर इटलीत आहे. तिच्या दोन्ही काठांवर उंच पूरबांध होते आणि त्या बांधांत खंदक खोदून जर्मन फौज बसलेली होती. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने तिथे हल्ला चढवला आणि त्याच लढाईतल्या पराक्रमासाठी नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना तोच सन्मान मरणोत्तर मिळाला. ते आपल्याच माणगाव भागातले. आजोबा नेमक्या कोणत्या बटालियनमध्ये होते, हे शिरस्त्राण सांगू शकणार नाही. त्यासाठी त्यांचे निवृत्तीचे कागद आणि पदके शोधावीत. भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवर बहुधा सैनिकाचा क्रमांक आणि नाव ठोकलेले असते. इटलीतल्या मोहिमेचे पदक, म्हणजे इटली स्टार, सापडले, तर तो क्रमांक घेऊन बेळगाव येथील रेजिमेंटच्या केंद्राला पत्र लिहावे. ठाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. अर्ज कसा करायचा, हे तिथेही विचारता येईल.

सर्वांत निकडीचे काम आत्यापाशी आहे. या रविवारीच त्यांच्याकडे जा, मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा आणि नंतर शब्दशः लिहून काढा. त्या ‘सेनू’ म्हणतात, तर ‘सेनू’च लिहा, ‘सेनिओ’ करू नका. एका शेतकऱ्याच्या मुलाने परदेशातल्या नदीचे नाव जिभेवर जसे बसवून घेतले, तसेच ते आपल्याला मिळाले आहे आणि तशा उच्चारातच त्याची साक्ष आहे. टोपी घरात कुठे टांगलेली असे, मुलांना ती हाताळू देत का, आजी तिच्यात काय ठेवत असे, हेही विचारा. मी गेली अनेक वर्षे अशा वस्तू पाहतो आहे. कवचे बाजारात पुष्कळ मिळतात. ते कोणी, कुठून, कधी आणले याचा चार ओळींचा कागद सोबत असलेले कवच मात्र क्वचित दिसते.

पांढऱ्या रंगातले नाव बहुधा ज्याच्या डोक्यावर ते होते, त्या जर्मन शिपायाचे असेल. त्याचे छायाचित्र तिरप्या उजेडात घ्या, म्हणजे पुसट अक्षरेही उठून दिसतात. पण ते नाव समाजमाध्यमांवर टाकू नका. जर्मन युद्धसमाधींची देखभाल करणारी फोल्क्सबुंड ही संस्था मृत सैनिकांचा शोध घेऊ देते, तर जर्मन सैनिकांच्या नोंदी आता जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तो शिपाई त्या युद्धातून वाचला असेल, तर त्याची नातवंडे आज आपल्याच वयाची असतील.

सांभाळण्याविषयी थोडे. ऐरोली खाडीलगत आहे आणि पावसाळ्यात तिथल्या हवेत ओल भरलेली असते. म्हणून शिरस्त्राण बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये, आणि हनुवटीच्या पट्ट्याने टांगू तर नयेच. खळ धुऊन काढलेल्या मांजरपाटाचा मऊ गोळा करून तो आत असा बसवावा, की भार पोलादावर पडेल, चामड्यावर नाही. मऊ ब्रशने धूळ झटकावी, तीही रंगाचे पोपडे सुटलेले नसतील तिथेच. चामड्याला खोबरेल, एरंडेल किंवा बुटाचे पॉलिश लावण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने चामडे तात्पुरते मऊ दिसते, पण पुढे चिकट होते आणि धूळ व बुरशी धरते. गंज वाढतो आहे असे वाटले, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्राकडे विचारणा करावी.

प्रश्न : आईच्या मामांनी ब्रह्मदेशातून आणलेली बशीसारखी पसरट लोखंडी टोपी आमच्याकडे आहे. आजीने तिला तळाशी भोक पाडून तुळस लावली होती. काठाजवळही तीन बारीक भोके आहेत आणि पुढे पांढरे डब्ल्यू अक्षर आहे. वेल्डिंग करून भोके बुजवावीत का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : आजीने पाडलेले भोक बुजवू नका, ती आपल्या घराची खूण आहे. काठाजवळच्या भोकांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती ऐकून कदाचित आपल्याला वाईट वाटेल. ब्रिटिश पद्धतीच्या ‘मार्क दोन’ नमुन्याच्या शिरस्त्राणांपैकी जी आघाडीवर वापरण्याच्या प्रतीची नसत, त्यांच्या काठाला कारखान्यातच अशी भोके पाडत आणि ती नागरी संरक्षणासाठी देत. डब्ल्यू म्हणजे वॉर्डन, अर्थात हवाई हल्ल्याच्या वेळी वस्तीवर लक्ष ठेवणारा स्वयंसेवक. लोहचुंबक लावून पाहा. आघाडीवरच्या ब्रिटिश कवचाचे पोलाद मँगनीजचे असे आणि त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. आपल्या टोपीला घट्ट चिकटला, तर ती साध्या पोलादाची आहे.

तेव्हा ही टोपी ब्रह्मदेशच्या आघाडीवरची नसावी. म्हणून मामा खोटे बोलले, असे मात्र समजू नये. ते ब्रह्मदेशात गेलेही असतील आणि टोपी घरातल्या दुसऱ्याच कोणाची असेल. दोन आठवणी एकमेकींत मिसळणे घरोघरी घडते. त्या काळात मुंबईत वॉर्डन म्हणून कोणी काम केले होते का, विशेषतः १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा घरातले कोण शहरात होते, हे वडीलधाऱ्यांना विचारा. टोपीसोबतच्या कागदावर मामांची हकीकत आणि ही शंका, दोन्ही लिहून ठेवा.

प्रश्न : मला संग्रह सुरू करायचा आहे. ऑनलाइन एक विक्रेता एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, चिन्हाचे जर्मन शिरस्त्राण विकतो आहे. घ्यावे का? कायद्याची अडचण येईल का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : घेऊ नये. या क्षेत्रात सर्वाधिक बनावट एसएसच्या चिन्हांचीच होते. कवच खरे आणि चिन्ह कालचे, असा प्रकार सर्रास आढळतो. आपण चिन्ह नसलेल्या, वापरून झिजलेल्या ब्रिटिश किंवा भारतीय शिरस्त्राणापासून सुरुवात करावी आणि शक्य झाल्यास ते सैनिकाच्या कुटुंबाकडूनच घ्यावे, म्हणजे हकीकतही सोबत मिळेल.

शिरस्त्राण हे शस्त्र नाही, त्यामुळे ते घरात ठेवण्यास परवाना लागत नाही. संगिनी आणि काडतुसे यांना मात्र शस्त्र कायदा लागू होतो. अशी वस्तू मिळत असेल, तर आधी पोलीस ठाण्यात विचारावे. न फुटलेला गोळा दिसला, तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे. पहिल्या महायुद्धातले शिरस्त्राण आता शंभरी ओलांडून गेले आहे आणि पुरावशेषांविषयीच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरू शकते. म्हणून ते परदेशातल्या संग्राहकाला पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी. शिरस्त्राणासोबत त्या काळातला गॅसचा मुखवटा मिळाला, तर तो तोंडाला लावून छायाचित्र काढू नये. ब्रिटिश मुखवट्यांच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असे. मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी तो बंद डब्यात ठेवावा.